विमानात टाकलेला रुमाल

थोरल्या मेहुणीचं लग्न ठरलं ही बातमी बायकोने मला दिली तेव्हा मी दाढी करत होतो. वस्तरा गालावर असताना माणसाला असल्या बातम्या देऊ नयेत. ताई (मीही त्यांना ताईच म्हणतो) साठी ओलांडलेल्या. परदेशात, एका बेटावरच्या गावात त्यांचं औषधांचं दुकान आहे. लग्न हा प्रकार आपल्याला जमायचा नाही, असं तरुणपणीच जाहीर करून त्या मोकळ्या झाल्या होत्या आणि घरच्यांनीही कधीच हात टेकले होते. त्याच ताईंनी आता तिथल्याच एका गृहस्थांशी लग्न ठरवलं होतं. गृहस्थ बोटीवर असतात, एवढंच कळलं होतं.

"बोटीवर म्हणजे नक्की काय करतात?" मी गालाला तुरटी लावत विचारलं.

"ते पुढचं पुढे," बायको म्हणाली. "ताई म्हणते, साक्षीदार म्हणून माझीच सही हवी. तू आल्याशिवाय मी पेन हातात धरणार नाही म्हणाली. तिकडे नोंदणी अधिकारी महिन्यातून एकदाच येतात, शनिवारी, तेही बारा वाजेपर्यंत. मी पोचले नाही तर लग्न राहिलं."

हे सांगताना ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. दोघी बहिणींची भेट कित्येक वर्षांत झाली नव्हती. बायकोच्या चेहऱ्यावर असा उजेड मी आमच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि त्या लग्नात मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

मलाही आनंद झाला. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचं वाचून गैरसमज होण्याचा संभव आहे. गोष्ट अशी, की माझ्या सासरी दोनच मुली. त्यातली थोरली बिनलग्नाची, त्यामुळे इतकी वर्षं त्या घरचा एकमेव जावई मी. पहिलं पान माझं, खिडकीजवळची खुर्ची माझी, 'जावईबापूंना विचारा' हे वाक्यही माझंच. आता ताईंचं लग्न झालं की त्यांचे यजमान थोरले जावई होणार आणि मी धाकटा. उभी हयात एका टेबलावर काढलेल्या माणसाला काल नोकरीला लागलेल्याच्या हाताखाली बसवावं, तसा हा प्रकार होता. तक्रार करावी तर कुणाकडे, आणि कुठल्या तोंडाने?

तेव्हा निदान या नव्या साडूंसमोर आपण रुबाबात उतरावं, एवढंच मी मनाशी ठरवलं.

परदेशाचं मोठं तिकीट नाक्यावरच्या प्रवास कंपनीने काढून दिलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आम्ही गुरुवारी त्या देशाच्या राजधानीत उतरणार होतो. तिथून बेटावर जाणारं छोटं विमान शुक्रवारी सकाळी होतं, आणि शनिवारच्या आधी जाणारं तेवढं एकच. प्रवास कंपनीचा माणूस म्हणाला, "ते छोटं विमान आमच्या यंत्रात दिसत नाही. त्यांच्या साइटवरून तुम्हीच काढा, सोपं आहे."

"ते तिकीट माझ्याकडे सोपव," मी बायकोला म्हणालो.

ती क्षणभर स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे बघत राहिली. त्यामागे एक जुनी कथा आहे. फ्रिज घ्यायचा तेव्हा मी भाव उतरायची वाट पाहिली होती. तीन उन्हाळे पाहिली. भाव उतरला तेव्हा ते मॉडेल बंद झालं होतं, आणि मग जो मिळाला तो घ्यावा लागला. त्याचं दार अजूनही गुडघा टेकवल्याशिवाय लागत नाही.

त्याच संध्याकाळी साइट उघडली. भाडं बेताचं होतं, जागाही भरपूर होत्या. बायको मागे उभी राहून म्हणाली, "बरं आहे की. काढून टाका."

"अगं, पहिला भाव कधी खरा नसतो," मी म्हणालो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांच्या तराजूंना पासंग लावलेला असतो तो शोधण्यात माझी सगळी नोकरी सरली. समोरच्याने सांगितलेली किंमत पहिल्या फटक्यात मान्य करणं हा माझ्या दृष्टीने खात्याचा अपमान होता. "जरा अभ्यास करतो," असं म्हणून मी यंत्र बंद केलं. बायकोने "मग मी माझं..." असं काहीतरी वाक्य सुरू केलं होतं, पण मी हाताने थांबवलं. हा हात पुढे फार महागात पडला.

अभ्यास म्हणजे शेजारी. आमच्या इमारतीत परदेशी गेलेले एकच गृहस्थ आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर ते जाऊन आले, आणि तेव्हापासून त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात. त्यांच्याकडे गेलो तर ते आरामखुर्चीत रेलून म्हणाले, "परदेशातलं आतलं विमान म्हणजे आपली बस हो. आधी काढायचंच नाही. तिथे जायचं, काउंटरवर उभं राहायचं, रिकाम्या जागा ते फुकापासरी देतात."

"तुम्ही असं घेतलं होतंत?"

"आम्हाला सहलीवाल्यांनी बसने फिरवलं," ते म्हणाले. "पण खिडकीतून विमानतळ दिसला होता."

दुसरा सल्ला वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाईंचा. त्या संख्याशास्त्र शिकवतात, त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी पटतं आणि कधीच कळत नाही. त्यांनी मला दारातच विचारलं, "तुम्ही किती वेळा पाहिलंत ते भाडं?"

"दिवसातून पाच-सहा वेळा."

"मग संपलं. त्यांचं यंत्र तुम्हाला ओळखायला लागलं असणार. गरजू माणूस आहे हे एकदा कळलं की भाडं चढतं. आता तुमच्या घरातून बघूच नका. दुसऱ्यांच्या घरून बघा."

हे मला मनापासून पटलं. भाजीवालीसमोर आपल्याला तीच जुडी हवी आहे हे कधी दाखवायचं नसतं. तेव्हापासून मी रोज एकेकाच्या घरी भाडं बघायला जायला लागलो. एकाच्या घरी गेलं की चहा, चहाबरोबर चौकशी, चौकशीबरोबर सल्ला. आठवड्याभरात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सर्वांना ताईंचं लग्न, बेट, नोंदणी अधिकारी आणि माझं पित्त या चारही गोष्टी ठाऊक झाल्या.

भाडं मात्र खाली येईना. कधी तसंच राही, कधी थोडं चढे. मी म्हणायचो, "चढतंय ना? चढू दे. चढल्याशिवाय उतरणार कसं?" बायको गप्प बसायची. तिची गप्प बसण्याची एक विशिष्ट पद्धत आहे. ती भांडी जरा हळू ठेवते.

याच सुमारास साइटवर एक नवी सोय सापडली. पैसे न भरता नुसती नावं देऊन काही दिवस जागा धरून ठेवता येत होती. मुदत संपेपर्यंत पैसे भरले तर तिकीट पक्कं, नाहीतर जागा सुटली. मी ही गोष्ट खाली बाकावर बसलेल्या मंडळींना समजावत होतो, पण कुणाला नीट उमगेना. शेवटी अनुभवी म्हणाले, "अहो, म्हणजे रुमाल टाकायचा."

सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं या विषयात आमच्या इमारतीला कुणी काही शिकवायची गरज नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर तरुणपणी छत्री, टोपी आणि एकदा डाव्या पायाची चप्पल टाकून जागा धरली होती. ते लगेच उभे राहिले. "तुम्ही एकट्याने किती बघणार? आपण सगळे मिळून लक्ष ठेवू. ज्याला भाडं बरं दिसेल त्याने रुमाल टाकून ठेवायचा. मग त्यातला सगळ्यात स्वस्त तुम्ही उचला."

माणसं अशी मदतीला धावून आली की गहिवरून येतं. मलाही आलं. त्या भरात मी आम्हा दोघांच्या पासपोर्टांचे फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकले, म्हणजे नावं भरताना कुणाची चूक व्हायला नको. जन्मतारखा सर्वांना कळल्या. माझा फोटो पाहून तळमजल्यावरच्या आजींनी निरोप पाठवला, की तब्येतीला जपा. बायको त्या दिवशी भांडी जरा जास्तच हळू ठेवत होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी न राहवून आमच्याच घरून साइट उघडली आणि हादरलो. भाडं दुप्पट झालं होतं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, की या क्षणी अकरा जण हे विमान पाहत आहेत आणि थोड्याच जागा शिल्लक आहेत.

"अकरा जण," मी बायकोला म्हणालो. "कोण ही माणसं? त्यांना त्या बेटावर काय काम आहे?"

बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तिने खिडकीतून इमारतीच्या समोरच्या अंगाकडे पाहिलं. समोर सगळ्या घरांत दिवे लागले होते. अनुभवी चष्मा कपाळावर चढवून यंत्रात डोकं घालून बसले होते, त्यांच्या वर प्राध्यापकबाई काहीतरी टाइप करत होत्या, आणि सेक्रेटरींच्या घरात तर अख्खं कुटुंब एका पडद्याभोवती गोळा झालं होतं. "काय की बाई," ती म्हणाली.

मी तातडीने मंडळींना खाली बोलावलं. सगळे हातातली कामं टाकून आले. मी परिस्थिती सांगितली आणि खात्री करून घ्यायला फोनवर साइट उघडली, तर पाहणारा एकच जण उरला होता. "पळाले," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले. सभा संपली, सगळे आपापल्या घरी गेले, आणि मी वर येऊन पाहिलं तर ते अकरा जण परत आले होते. हा प्रकार दोनदा झाला. आमच्या हालचालींवर कुणाचीतरी नजर आहे, असा निष्कर्ष आम्ही काढला.

प्राध्यापकबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. "उद्या पूर्ण दिवस साइटकडे कुणी बघायचंच नाही. गिऱ्हाईक रुसून निघालं असं दाखवायचं. आपोआप हाक मारतील." पेठेत पाठ फिरवून चार पावलं गेलं की दुकानदार "अहो साहेब, या की" म्हणतोच. दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत त्या विमान कंपनीवर रुसली. मी दुपारी छान झोपलो. संध्याकाळी साइट उघडली, तर त्या विमानापुढे 'जागा नाही' असं लिहिलेलं होतं.

मी घाबरलो, हे कबूल करतो. आता प्रश्न भाड्याचा राहिला नव्हता. शुक्रवारचं विमान चुकलं तर शनिवारची सही चुकणार होती, आणि ताई पेन हातात धरणार नव्हत्या. मी विमान कंपनीला थेट फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. आमचं बोलणं आम्हा दोघांनाही बेताच्याच येणाऱ्या तिसऱ्या भाषेत झालं, पण मथितार्थ असा:

"तुमचं नाव?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. पलीकडे टकटक झाली. मग त्यांनी कुणालातरी हाक मारल्याचं ऐकू आलं. मग दोघीजणी हसल्या.

"तुम्हीच का ते?" बाई म्हणाल्या. "आमच्या कचेरीत तुमच्याबद्दल बोलणं चाललं होतं. विमान एकोणीस जागांचं आहे. त्यात तुम्ही आठ जागांवर बसला होतात आणि तुमच्या पत्नी नऊ जागांवर. एक जोडपं इतक्या ठिकाणी कसं बसणार, असा आम्हाला प्रश्न पडला."

इथे माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. आठ रुमाल. अनुभवी, प्राध्यापकबाई, सेक्रेटरी, आजी, सगळ्यांनी आपापला टाकला होता, आणि प्रत्येकाच्या रुमालाने पुढच्याचं भाडं चढवलं होतं. ते अकरा जणही आमचेच होते. मी इतके दिवस माझ्याच इमारतीशी झुंजत होतो.

"मग आता?"

"एकाच माणसाच्या इतक्या जागा दिसल्यावर यंत्राने त्या सगळ्या सोडून दिल्या. आज दुपारी भाडं एकदम खाली आलं होतं, पहिल्या दिवसापेक्षाही खाली. तेव्हा बेटावरच्या शाळेने गायनाच्या चमूसाठी सगळ्या जागा घेतल्या. मुलं स्पर्धेहून परत चालली आहेत."

म्हणजे भाव उतरला होता. ज्याची मी आयुष्यभर वाट पाहतो तो क्षण दारात येऊन गेला होता आणि मी झोपलो होतो. पण त्याहून मोठी शंका माझ्या मनात डोकावत होती.

"एक विचारू?" मी म्हणालो. "आम्ही दोघं बरोबर जाणार. मग मी आठ जागांवर आणि पत्नी नऊ जागांवर कशी?"

"त्यांची नववी जागा पैसे भरून घेतलेली आहे," बाई म्हणाल्या. "ती पक्की आहे. फार आधीची आहे. तुमच्या त्या आठ जागांच्याही कितीतरी आधीची."

मी फोन ठेवला. बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तू काढलं होतंस?"

"हो."

"पहिल्याच दिवशी?"

"तुम्ही अभ्यासाला अनुभवींकडे गेलात ना, तेव्हा. दहा मिनिटं लागली."

"मग माझं का नाही काढलंस?"

ती खुर्चीवर बसली. "तुम्ही म्हणालात, माझ्याकडे सोपव. माझी सही होती, ती काही मी फ्रिजसारखी लांबवू शकत नव्हते. म्हणून माझं काढलं. तुमचंही काढलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं? थोरले जावई येणार म्हणून आधीच तुमचं तोंड एवढंसं झालंय. म्हटलं, तुमचं तुम्ही काढा आणि ताईला सांगा की मी काढलं."

हिला माझ्या मनातलं सगळं ठाऊक होतं आणि मला वाटत होतं की मी ते पोटात दाबून ठेवलंय. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मी उगाचच फ्रिजचं दार गुडघ्याने बंद केलं. ते बंदच होतं.

"मी तुमच्याबरोबर बसने येते," थोड्या वेळाने ती म्हणाली. "जमिनीवरून जायचं, मग बोट. पोचू."

"आणि रस्त्यात बस बंद पडली तर?" मी म्हणालो. "ताई तुझ्यासाठी पेन घेऊन बसल्यात. माझ्या सहीला कुणी विचारलेलं नाही. तू विमानाने जा." इतक्या दिवसांत मी तिकिटाबद्दल बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य असावं, कारण तिने लगेच मान्य केलं.

निघायच्या आधी आठही रुमालवाले निरोप द्यायला खाली आले. सगळ्यांचे चेहरे पडले होते. अनुभवी म्हणाले, "मी म्हटलंच होतं, तिथे जाऊन काउंटरवर काढा," आणि मग चष्मा पुसायला लागले. कुणाला बोल लावणार? त्यांनी प्रेमानेच बसायची सोय केली होती. फक्त मी एकटा असून आठ ठिकाणी बसलो होतो.

शुक्रवारी सकाळी राजधानीच्या विमानतळावर मी बायकोला पोचवलं. ते इवलंसं विमान काचेतून दिसत होतं. गणवेशातली मुलं गात गात आत चढत होती, आणि त्यांच्या मधोमध बायको होती. तिने वळून हात केला. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी दिसत होती. मग मी बस पकडली.

बसबद्दल माझी तक्रार नाही. तिकिटाच्या खिडकीवर भाडं लिहिलेलं होतं, ते सकाळी जेवढं होतं तेवढंच दुपारी, आणि सगळ्यांना सारखं. माझ्यातल्या निरीक्षकाला कितीतरी दिवसांनी शांत वाटलं. डोंगर गेले, शेतं गेली, शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली. संध्याकाळी बंदराच्या गावी पोचलो तेव्हा शेवटची बोट गेलेली होती. एका खानावळीच्या वरच्या खोलीत मुक्काम केला आणि बायकोला फोन केला. "सकाळी आठची बोट आहे," ती म्हणाली. "ताईने सांगितलंय, तीच धरा. आता कुठे अभ्यास करू नका."

"छे," मी म्हणालो.

सकाळी वेळेच्या बऱ्याच आधी मी धक्क्यावर हजर होतो. बोट उभी होती, माणसं चढत होती. बारापर्यंत वेळ होता आणि पलीकडे जायला तासभर पुरे. मी तिकीट काढायला खिडकीशी गेलो, आणि तिथे एक पाटी होती. सकाळी नऊनंतर भाड्यात मोठी सवलत.

आता, वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? नऊनंतर भाडं कमी आहे, म्हणजे नऊनंतर बोट असणारच. नसती तर सवलत कशाला लावली असती? साधा तर्क आहे. नऊची धरली तरी दहाला पलीकडे, म्हणजे बारापर्यंत चिक्कार वेळ. मी शांतपणे मागे फिरलो, समोरच्या टपरीतून चहा घेतला आणि बाकावर बसलो. विमान हातचं गेलं, पण बोटीत तरी वसूल करू.

आठ वाजले. बोट हलली नाही. मी चहाचा घोट घेत आपल्याशीच म्हणालो, परदेशातही वेळ पाळत नाहीत म्हणायचं. आणखी थोडा वेळ गेला. बोटीवरची माणसं कठड्याला टेकून धक्क्याकडे बघत होती. मी मागे वळून पाहिलं, की कुणाची वाट बघताहेत. मागे कुणीच नव्हतं.

मग बोटीवरून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उतरले. अंगात नवाकोरा काळा कोट, गळ्यात टाय, आणि डोक्यावर मात्र बोटीच्या चालकाची जुनी टोपी. त्यांच्या हातात एक फोटो होता. ते धक्क्यावरच्या एकेका माणसाकडे बघत, पुन्हा फोटोकडे बघत येत होते. माझ्यापाशी येऊन थांबले. फोटो माझाच होता, लग्नातला, भरपूर केसांचा. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, जरा अडखळले, मग हसले.

ते कोण हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी कप हातात घेऊनच उभा राहिलो.

त्याच तिसऱ्या तुटक्या भाषेत आमचं बोलणं झालं. आज दुसरा चालक यायचा होता, पण पाहुणा बोटीने येतोय म्हटल्यावर ताईंनी नवऱ्यामुलालाच पाठवलं होतं. मी सवलतीच्या पाटीकडे बोट दाखवलं. नऊची बोट, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. सवलत रोजची, पण शनिवारी या बोटीनंतर थेट दुपारची.

कप माझ्या हातात होता म्हणून बरं, नाहीतर हात कुठे लपवावेत हे कळलं नसतं. मी खिडकीशी गेलो आणि सकाळचं पूर्ण भाडं भरलं. नवे साडू नको नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. "तुम्ही माझ्यासाठी थांबलात," मी म्हणालो.

"ती म्हणाली, तुम्ही वाट पाहणारे आहात," ते म्हणाले. "म्हणून आज मी पाहिली."

बोट खचाखच भरली होती. माणसं उभी होती, पोरं कडेवर होती. आणि सगळ्यात पुढे, खिडकीजवळ, एक जागा रिकामी होती. त्या जागेवर पांढराशुभ्र, इस्त्री केलेला रुमाल पसरलेला होता. इतक्या गर्दीत त्याला कुणी हात लावला नव्हता. रुमालाचा अर्थ तिथल्या कुणालाच ठाऊक नसणार. हा शहाणपणा ताईंचा. एवढी वर्षं परमुलखात राहून त्या ही गोष्ट विसरल्या नव्हत्या, आणि त्यांनी ती नव्या साडूंनाही शिकवली होती.

त्या उंच गृहस्थांनी टोपी काढली, रुमालाकडे हात केला आणि पाठ केलेला एकच मराठी शब्द अगदी सावकाश म्हणाले, "बसा."

मी बसलो. बोट सुटली. उचललेल्या रुमालाची घडी मी जपून खिशात ठेवली.

पलीकडच्या धक्क्यावर बायको आणि ताई शेजारी शेजारी उभ्या होत्या. ताईंच्या हातात फुलं होती आणि बायकोच्या हातात पेन. बारा वाजायला अजून अवकाश होता. मी उतरलो तशी बायको पुढे आली आणि मागची गर्दी बघून म्हणाली, "एवढ्या माणसांत उभ्यानेच आलात ना?"

"नाही," मी म्हणालो आणि खिशातून रुमाल काढून दाखवला. "बसायला जागा धरलेली होती."

"कुणी धरली?"

मागे ते बोटीचा दोर बांधत होते. काळ्या कोटाला पाणी लागू नये म्हणून त्यांची धडपड चालली होती.

"थोरल्या जावयांनी," मी म्हणालो.